क्लॅरिओनेटवरील स्वरकंप : खानदेशातील बँडवादनाच्या संदर्भात एक विचार

क्लॅरिओनेटच्या वादनात स्वरकंप असावा की नसावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ वाद्यतंत्राचा वाटतो. वस्तुतः तो अभिरुचीचा आणि त्या अभिरुचीमागील निकषांचा प्रश्न आहे. पाश्चात्त्य वाद्यवृंदात या वाद्याचा सूर सरळ व निष्कंप असावा, असा सामान्य दंडक आहे. जळगाव व धुळे जिल्ह्यांत लग्नाच्या वरातीत किंवा श्रावणात कानबाईच्या विसर्जनाच्या मिरवणुकीत बँडमधून हेच वाद्य ऐकू येते, तेव्हा त्याचा लांबविलेला सूर बहुधा हलत असतो. वादक त्याला ‘क्लारनेट’ म्हणतात आणि सुराचे हे हलणे त्यांना दोषास्पद वाटत नाही. उलट, सूर हलला नाही तर तो ‘मेला’, असे त्यांना वाटते. सुशिक्षित श्रोता मात्र तोच सूर ऐकून ‘हे बँडवाल्याचे वादन’ असा शेरा मारून मोकळा होतो. या शेऱ्यात संगीतविचार किती आणि सामाजिक अंतर किती, याची तपासणी केल्याखेरीज तो ग्राह्य मानता येणार नाही. त्याचबरोबर वादकाच्या बाजूने केवळ सहानुभूतीपोटी निर्णय देणे, हेही समीक्षेचे काम नव्हे.

१. संज्ञेचा विचार

प्रथम संज्ञा स्पष्ट करणे इष्ट. पाश्चात्त्य संगीतात ज्याला ‘व्हायब्राटो’ म्हणतात, तो स्वराच्या उंचीतील नियमित व जलद चढउतार होय. त्याच्या बरोबरीने ध्वनीचा जोर आणि पोतही कमीअधिक होत असतो. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात कार्ल सीशोर यांनी १९३० च्या दशकात या विषयाचे पद्धतशीर मापन केले. त्यांच्या अभ्यासातून तीन गोष्टी पुढे आल्या. एक, चांगल्या गायकांच्या व वादकांच्या कंपाची गती सेकंदाला सुमारे सहा ते सात आवर्तने असते. दोन, त्याची रुंदी गायकांत साधारणतः अर्धस्वराइतकी, तर व्हायोलिनवर त्याच्या निम्म्याने असते. तीन, श्रोत्याला हा चढउतार प्रत्यक्षात असतो त्याहून पुष्कळच लहान वाटतो. त्याच्या कानावर मधला असा एकच स्वर ठसतो. यांपैकी तिसरी गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे.

भारतीय संगीतात या अर्थाचा एकच एक शब्द नाही. आंदोलन, गमक, कंपित, मुरकी, कण, मींड अशा अनेक संज्ञा आहेत आणि त्यांचे अर्थ एकमेकांत मिसळू देणे शास्त्राला मान्य नाही. हा केवळ शब्दांचा पसारा नव्हे. स्वर हलविण्याच्या अनेक रीती असून प्रत्येकीचे कार्य निराळे आहे, अशी त्यामागची धारणा आहे. प्रस्तुत लेखात ‘स्वरकंप’ हा शब्द व्यापक अर्थाने, म्हणजे लांबविलेल्या स्वराच्या कोणत्याही पुनरावृत्त हालचालीसाठी योजला आहे.

२. पाश्चात्त्य दंडकाचे स्वरूप

क्लॅरिओनेटचा जन्म न्यूरेंबर्ग येथील योहान क्रिस्टोफ डेनर यांच्या कारखान्यात १७०० च्या सुमारास झाला असे मानले जाते. तेव्हापासून निष्कंप सूर हाच या वाद्याचा अबाधित धर्म होता, असे मात्र म्हणता येत नाही. ब्राम्स यांनी १८९१ मध्ये ज्या रिशार्ट म्यूलफेल्ट यांच्या वादनाने प्रभावित होऊन आपली प्रसिद्ध पंचवाद्यरचना लिहिली, ते मुळात व्हायोलिनवादक होते आणि क्लॅरिओनेटवर ते कंपाचा उपयोग करीत, अशी आठवण सांगितली जाते. इंग्लंडमधील रेजिनल्ड केल (१९०६–१९८१) यांनी ओबोवादक लिऑन गूसेन्स यांच्या वादनापासून स्फूर्ती घेऊन उघडपणे कंपयुक्त वादन केले. त्यांची वाहवा झाली, तशीच त्यांच्यावर टीकाही झाली. दुसरीकडे न्यू ऑर्लिन्सच्या सिडनी बेशे (१८९७–१९५९) यांचा रुंद कंप हीच त्यांच्या सुराची ओळख ठरली. बेनी गुडमन यांच्यासारख्या जाझच्या अग्रणी वादकाने कीर्तीच्या शिखरावर असताना केल यांच्याकडे शिकावयास जावे, ही घटनाही या दोन प्रवाहांतील सीमारेषा किती अस्थिर होती याची साक्ष देते.

येथे एक विसंगती ध्यानात येते. त्याच वाद्यवृंदात बासरी आणि ओबो यांना कंप चालतो, व्हायोलिनला तर तो जवळजवळ अनिवार्य मानला जातो, आणि क्लॅरिओनेटला तेवढा तो निषिद्ध. या निषेधाची दोन कारणे सांगितली जातात. वाद्याचा मूळ ध्वनी घट्ट, गोल व इतर वाद्यांत मिसळणारा असल्याने त्याला कंपाची गरज नाही, हे पहिले. कंपयुक्त क्लॅरिओनेट नृत्यगृहातील जाझची आठवण करून देतो, हे दुसरे. पहिले कारण संगीताचे आहे, दुसरे प्रतिष्ठेचे. खानदेशातील श्रोत्याच्या ‘बँडवाल्याचा सूर’ या शेऱ्याचे दुसऱ्या कारणाशी असलेले नाते उघड आहे. जे रस्त्यावर वाजते ते हलके, आणि त्या वादनाची जी खूण तीही हलकी, असा हा तर्क आहे. वाजंत्रीचा व्यवसाय आपल्याकडे परंपरेने कोणत्या समाजांकडे होता हे लक्षात घेता, हा तर्क निष्पाप आहे असे मानता येत नाही. म्हणून या दंडकातील प्रतिष्ठेचा भाग बाजूस सारून उरलेल्या संगीतविचाराचीच परीक्षा करणे आवश्यक ठरते.

३. शार्ङ्गदेवाचे मापन

अशा परीक्षेसाठी निकष परक्या वाद्यवृंदातून आणण्याचे कारण नाही. खानदेशच्या दक्षिण सीमेवर, चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या देवगिरीच्या परिसरात, यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्याच यादवांच्या सत्तेखाली निकुंभ घराणे खानदेशात नांदत होते. चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेख त्याचा पुरावा आहे. अर्थात देवगिरीचा हा ग्रंथ या प्रदेशाला परका नाही.

श्रोत्याच्या चित्ताला सुख देणारा स्वराचा कंप म्हणजे गमक, असे शार्ङ्गदेव मानतो आणि त्याचे पंधरा प्रकार सांगतो. त्यांतील काही प्रकारांत त्याने जो भेद केला आहे तो विलक्षण आधुनिक आहे. कारण तो कालमापनाचा भेद आहे. तिरिपाचा वेग द्रुताच्या चतुर्थांशाचा, स्फुरिताचा तृतीयांशाचा, कंपिताचा अर्ध्याचा, लीनाचा पूर्ण द्रुताचा, आंदोलिताचा लघूचा आणि प्लाविताचा प्लुताचा, अशी ही मांडणी आहे. लघू म्हणजे पाच लघू अक्षरे उच्चारण्यास लागणारा काळ आणि द्रुत म्हणजे त्याचे अर्ध. हा लघू स्थूलमानाने एक सेकंदाचा धरला, तर तिरिप सेकंदाला आठ वेळा, स्फुरित सहा वेळा, कंपित चार वेळा, लीन दोन वेळा आणि आंदोलित एकदा हलतो, तर प्लाविताच्या एका हेलकाव्याला तीन सेकंद लागतात. हा हिशेब ढोबळ आहे, यात शंका नाही. तथापि सीशोर यांनी यंत्राने मोजलेली गती शार्ङ्गदेवाच्या एकट्या स्फुरिताच्या आसपास पडते, ही गोष्ट नजरेआड करण्याजोगी नाही.

यावरून निष्पन्न होणारा मुद्दा असा की, पाश्चात्त्य वाद ज्या एका कंपाविषयी चालू आहे, तो आपल्या परंपरेतील अनेक कंपांपैकी एक आहे. ‘असावा की नसावा’ असा प्रश्न तेथे संभवतो, कारण तेथे निवड एकाच वस्तूची आहे. आपल्याकडे प्रश्न ‘कोणता, कोणत्या स्वरावर आणि कशासाठी’ असा विचारावा लागतो. कर्नाटक पद्धतीत ए. के. सी. नटराजन (जन्म १९३१) यांनी क्लॅरिओनेटवर त्या पद्धतीची गमके सिद्ध करून दाखविली आणि २००८ मध्ये ते ‘संगीत कलानिधी’ झाले. रायचूरचे नरसिंहलू वडवाटी यांनी हेच वाद्य हिंदुस्थानी रागसंगीतासाठी वापरले. वाद्य परदेशी असल्याने त्याला आपली गमके साधणार नाहीत, हा आक्षेप यामुळे निकालात निघतो.

४. वाद्याची प्रकृती

असे असले तरी वाद्य म्हणेल ते सर्व काही निमूटपणे करते, असे नाही. क्लॅरिओनेटवर स्वर हलविण्याच्या मुख्य रीती तीन. खालचा जबडा व ओठ यांचा पत्तीवरील दाब कमीजास्त करणे, ही पहिली. श्वासाचा जोर कमीजास्त करणे, ही दुसरी. छिद्रावरील बोट किंचित सरकवून छिद्र अर्धवट उघडणे, ही तिसरी. यांपैकी श्वासाच्या रीतीने मुख्यतः ध्वनीचा जोर हलतो. स्वराची उंची फारशी हलत नाही. स्वर खऱ्या अर्थाने हलतो तो जबड्याने किंवा बोटाने.

या दोन रीतींत एक मूलभूत फरक आहे आणि वादकांच्या शिक्षणात त्याकडे दुर्लक्ष झालेले दिसते. ओठाची पकड सैल केली की स्वर उतरतो. पकड आवळून स्वर चढविण्यास मात्र फारच थोडा वाव असतो, कारण नेहमीच्या वादनात ओठ बहुतांशी आवळलेलेच असतात. म्हणून जबड्याने दिलेला कंप मूळ स्वराच्या दोन्ही बाजूंस सारखा न हलता खालच्या बाजूस झुकतो. उलटपक्षी, बोट उचलून छिद्र हळूहळू उघडल्यास स्वर वर जातो. जबड्याचा कंप अधोगामी आणि बोटाचा ऊर्ध्वगामी, हे सूत्र म्हणून ध्यानी ठेवण्यासारखे आहे. त्यातही वाद्याच्या खालच्या सप्तकात जबड्याने स्वर थोडाच ढळतो, तर वरच्या सप्तकात पुष्कळ ढळतो. मिरवणुकीत ढोल-ताशांवर मात करण्यासाठी वादक वरच्याच सप्तकात वाजवितो. म्हणजे जेथे स्वर सर्वाधिक ढळण्याची भीती, तेथेच कंपाचा सर्वाधिक वापर होतो.

आता सीशोर यांचा तिसरा निष्कर्ष येथे लावून पाहावा. श्रोत्याला कंपातील मधला स्वर ऐकू येतो. जबड्याचा कंप खाली झुकत असेल, तर हा मधला स्वर मूळ स्वराहून उतरलेला असणारच. वादकाने स्वर अचूक लावून मग तो हलविला, तर ऐकणाऱ्याला तो किंचित उतरलेला भासतो. ‘बँडवाल्याचा सूर’ या शेऱ्यात जे काही यथार्थ आहे ते नेमके हेच. मात्र दोष कंपाचा नाही, कंपाच्या दिशेचा आहे. तो दोष शिक्षणाने दूर होण्यासारखा आहे. जातीने किंवा जागेने आलेला नाही.

रागदृष्टीने याचे परिणाम अधिक गंभीर होतात. भूप आणि शिवरंजनी या रागांत सा, रे, प, ध हे स्वर समान असून भेद एकट्या गांधाराचा आहे. भूपात तो शुद्ध, शिवरंजनीत कोमल. भूपातील शुद्ध गांधार वरच्या सप्तकात रुंद अधोगामी कंपाने हलविला, तर तो कोमल गांधाराच्या दिशेने कलतो आणि एका रागावर दुसऱ्याची छाया पडते. भैरवातील कोमल ऋषभाचे आंदोलन मात्र वरच्या गांधाराचा स्पर्श घेत संथपणे उतरते. तेथे जबड्याचा कंप दिशेनेही चुकतो आणि गतीनेही. त्या ठिकाणी बोटाने घेतलेला, लीन किंवा आंदोलिताच्या वेगाचा कंपच योग्य होय.

५. बँडच्या वादनाचे तीन प्रसंग

खानदेशातील बँड जे वाजवितो त्याचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतील : चित्रपटगीते, लोकगीतांच्या चाली आणि रागाधारित धुना. तिन्ही ठिकाणी कंपाची गरज सारखी नाही.

चित्रपटगीतांत क्लॅरिओनेट हा गायकाचा प्रतिनिधी असतो. या क्षेत्रात मास्टर इब्राहिम यांच्या क्लॅरिओनेटच्या ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकांनी गीताचा शब्द गाळूनही गायकी कशी राखावी याचा आदर्श निर्माण केला. ‘सूरज’ (१९६६) या चित्रपटातील महंमद रफी यांनी गायिलेले वराच्या स्वागताचे गीत अनेक दशके वरातींत वाजत आले आहे. त्याला आधार शिवरंजनीचा आहे. रफी यांच्या गायनाचा विशेष असा की, दीर्घ स्वर ते प्रथम सरळ ठेवतात आणि स्वर संपत येताना त्यावर हलका कंप देतात. कंप तेथे विरामचिन्हाचे काम करतो. बँडमध्ये बहुधा असे होते की स्वर लागल्या क्षणापासून हलू लागतो आणि शेवटपर्यंत त्याच वेगाने हलत राहतो. येथे अनुकरण कंपाचे झाले, पण त्याच्या स्थानाचे झाले नाही. वाक्यातील प्रत्येक शब्दानंतर पूर्णविराम द्यावा, तसा हा प्रकार आहे. तेव्हा आक्षेप घ्यावयाचा तर तो या सरसकटपणावर घ्यावा.

लोकगीतांची गोष्ट वेगळी. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईची स्थापना होते आणि सोमवारी विसर्जन. या निमित्ताने गायिली जाणारी अहिराणी गीते स्त्रियांच्या समूहाची आहेत. त्यांची स्वरकक्षा लहान, चाल अक्षरागणिक चालणारी आणि आवाज सरळ. समूहात प्रत्येकीने आपापला कंप दिला तर सूर एकवटणार नाही, हे त्यामागील साधे कारण. त्यांची शोभा स्वराच्या आरंभी लागणाऱ्या कणात आणि ओळीच्या शेवटी खाली घसरणाऱ्या स्वरात आहे. याच पट्ट्यातील डोंगराळ भागात तारपा-पावरीच्या कुळातील जी वाद्ये आहेत, तीही या संदर्भात विचारात घ्यावीत. तारप्यात, पुंगीप्रमाणेच, भोपळ्याच्या हवापेटीत एकेरी पत्ती कंपत असते. सनईची पत्ती दुहेरी असते, क्लॅरिओनेटची एकेरी. या दृष्टीने क्लॅरिओनेटचे दूरचे नाते सनईपेक्षा तारप्याशी आणि पुंगीशी अधिक जवळचे आहे. तारप्याच्या अखंड सुराला जिवंतपणा येतो तो नर्तकांच्या पावलांशी जुळणाऱ्या लयीच्या ठोक्यांतून. स्वतंत्र कंपाची त्याला अपेक्षा नसते. म्हणून कानबाईच्या गीताची चाल क्लॅरिओनेटवर वाजविताना सूर सरळ ठेवणे हेच त्या गीताशी प्रामाणिक राहणे होय. ‘सरळ सूर पाश्चात्त्य, हलता सूर देशी’ हे समीकरण येथे अगदीच कोलमडते.

रागाधारित धुनांविषयीचे विवेचन वर झालेच आहे. त्यात एवढीच भर घालावयाची की, बँडमध्ये दोन-तीन क्लॅरिओनेट एकाच वेळी तीच चाल वाजवीत असतात. त्यांचे कंप एकमेकांशी जुळत नाहीत आणि त्यामुळे स्वराची कड बोथट होते. मुख्य वादकाने कंप घ्यावा आणि साथीदारांनी सूर सरळ धरावा, ही श्रमविभागणी त्यावर उपाय ठरू शकेल. हलणारा सूर सरळ सुरांच्या पार्श्वभूमीवर उठून दिसतो आणि गोंगाटातही कानाला सापडतो. उघड्यावरच्या वादनात कंपाचे हे एक समर्थनीय कार्य आहे, हे मान्य करावयास हवे.

६. समारोप

एवंच, क्लॅरिओनेटवर स्वरकंप निषिद्ध मानण्यास भारतीय संगीतात आधार नाही; तसेच तो सर्वत्र आवश्यक मानण्यासही आधार नाही. निकष तीन : कंपाची गती गीताच्या किंवा रागाच्या गरजेची असावी, त्याची दिशा रागाला बाधा न आणणारी असावी, आणि त्याला वाक्यात निश्चित स्थान असावे. या तीन निकषांवर न उतरणारा कंप दोषास्पद, मग तो वरातीत वाजो वा सभागृहात. उतरणारा कंप निर्दोष, मग तो कोणीही वाजवो.

हा विवेक आज केवळ सौंदर्यशास्त्रीय राहिलेला नाही. वरातींत क्लॅरिओनेटची जागा विजेवरील की-बोर्डने, बेंजोने आणि ध्वनिक्षेपकांवरील तयार संगीताने मोठ्या प्रमाणात घेतली आहे. की-बोर्डवर एक कळ दाबली की हवा तेवढा वेळ एकसारखा कंप मिळतो, तोही न दमता. ज्या वादकाचा कंप सर्व स्वरांवर सारखाच आहे, त्याचे काम यंत्र अधिक स्वस्तात करू शकते. जो भैरवाचा ऋषभ एका वेगाने हलवितो, रफींच्या ओळीचा शेवट दुसऱ्या वेगाने हलवितो आणि कानबाईचे गीत मुळीच हलवीत नाही, त्याची जागा भरून काढणे सोपे नाही. या अर्थाने विवेकाने घेतलेला कंप हे या वाद्याच्या टिकून राहण्याचे एक कारण ठरू शकते, आणि सरसकट कंप हे त्याच्या लोपाचे.

अभ्यासकांच्या दृष्टीने यातून दोन कामे निघतात. प्रचलित भातखंडे स्वरलिपीत मींड आणि कण यांना चिन्हे आहेत. कंपाची गती आणि दिशा दाखविण्याची सोय मात्र नाही. शार्ङ्गदेवाच्या कालमापनाच्या आधारे अशी चिन्हे सिद्ध करणे अवघड नाही. दुसरे काम निकडीचे आहे. जळगाव, धुळे आणि १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार, या तीन जिल्ह्यांसाठी १९९० पासून जळगावात स्वतंत्र विद्यापीठ आहे. या जिल्ह्यांतील वयोवृद्ध क्लॅरिओनेटवादकांचे वादन, विशेषतः त्यांनी वाजविलेल्या अहिराणी चाली, ध्वनिमुद्रित करून त्यांचे मापन होणे अगत्याचे आहे. त्या मापनातून वरील निकष दृढ होतील किंवा त्यांत दुरुस्ती करावी लागेल; दोहोंपैकी काहीही झाले तरी ‘बँडवाल्याचा सूर’ या शेऱ्यापेक्षा ते ज्ञान अधिक मोलाचे असेल.